अमेरिकी कॉलेज फुटबॉलचे प्रक्षेपण: साठ मिनिटांच्या सामन्यासाठी साडेतीन तास

ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या गावांमध्ये अमेरिकी फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याच्या खेळाचा, हंगाम सुरू होतो आणि नेमक्या त्याच सुमारास पुणे, नाशिक, नागपूरहून शिकायला आलेली मराठी मुले तिथे बस्तान बसवत असतात. पुढचे तीन महिने जवळजवळ प्रत्येक शनिवार या खेळाचा असल्यामुळे नव्याने आलेले विद्यार्थी आणि कुटुंबे हमखास विचारतात, की हे सामने दूरचित्रवाणीवर पाहण्यासारखे आहेत का आणि त्यासाठी दरमहा पैसे मोजावेत का. मी अनेक वर्षे मिडवेस्टमध्ये राहतो आणि हा खेळ मनापासून पाहतो. खेळाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हे परीक्षण त्याच्या प्रक्षेपणाचे आहे आणि त्याची लांबी हाच त्यातला सर्वांत मोठा दोष आहे.

सामना पंधरा मिनिटांच्या चार क्वार्टरांचा, म्हणजे घड्याळाप्रमाणे 60 मिनिटांचा असतो. मध्यंतर 20 मिनिटांचे असते. तरीही सुरुवातीच्या किकपासून अखेरच्या शिट्टीपर्यंत सरासरी 3 तास 20 मिनिटांच्या आसपास वेळ जातो आणि चुरशीचा सामना असेल तर पावणेचार तासही सहज होतात. त्यातही घड्याळ चालू असताना खेळाडू बराच वेळ नुसते रचना करत उभे असतात. व्यावसायिक एनएफएलच्या सामन्यांची मोजदाद करून ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने 2010 मध्ये दाखवले होते, की चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ जेमतेम 11 मिनिटांचा भरतो. कॉलेजच्या सामन्यात चाली थोड्या अधिक होतात, पण प्रकार तोच.

या उभे राहण्याविषयी माझा आक्षेप नाही, कारण दोन चालींमधल्या वेळातच हा खेळ समजतो. कोणता खेळाडू आत आला, बचावफळी किती मागे सरकली, क्वार्टरबॅकने, म्हणजे चढाईची सूत्रे हाती असलेल्या खेळाडूने, ऐनवेळी हात हलवून काय बदलले, हे टिपण्याचा आनंद क्रिकेटमध्ये क्षेत्ररचना पाहणाऱ्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. क्रिकेटमध्ये षटक संपते, गोलंदाज बदलतो आणि त्या नैसर्गिक खंडात जाहिरात बसते. आयपीएलमधला अडीच मिनिटांचा स्ट्रॅटेजिक टाइमआउटही कधी येणार याचा अंदाज असतो. कॉलेज फुटबॉलमध्ये मात्र खेळ लगेच पुढे सुरू होऊ शकत असताना तो केवळ जाहिरातीसाठी थांबवून ठेवला जातो आणि तोही अशा वेळी, जेव्हा प्रेक्षकाला पुढचीच चाल पाहायची असते.

सर्वांत जास्त चीड आणणारा प्रसंग टचडाउननंतरचा. टचडाउन होतो, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपलीकडे नेला जातो, त्यावरची एका गुणाची किक मारली जाते आणि लगेच विमा, मोटारगाड्या व औषधांच्या जाहिराती सुरू होतात. त्या संपल्यावर किकऑफ होतो, म्हणजे चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे मारून खेळ पुन्हा सुरू केला जातो. चेंडू उंच जाऊन अंतिम रेषेपलीकडे पडतो, तो घेऊन कोणीही धावत नाही, पंच तो 25 यार्डांच्या रेषेवर ठेवतात आणि पुन्हा जाहिराती लागतात. पाच-सहा मिनिटांत प्रेक्षकाने पाहिलेली एकूण कृती म्हणजे हवेत गेलेला एक चेंडू. 2018 पासून किकऑफ झेलणाऱ्याने हात वर करून झेल घेतला तरी चेंडू 25 यार्डांवर मिळतो. खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी तो नियम योग्यच आहे, पण त्यामुळे किकऑफमध्ये पाहण्यासारखे आणखी कमी उरले आहे. निदान या ठिकाणी तरी दोनांऐवजी एकच खंड घेणे वाहिन्यांना अशक्य नसावे.

घरी बसलेल्या माणसाला हे थांबणे फक्त जाहिरात म्हणून दिसते, पण मैदानात बसले की त्याचे खरे स्वरूप कळते. सीमारेषेजवळ लाल टोपी घातलेला, वाहिनीचा समन्वय पाहणारा एक माणूस मैदानात दोन पावले पुढे येतो आणि पंच थांबतात. ॲन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमची क्षमता 1,07,601 आहे. नोव्हेंबरच्या बोचऱ्या थंडीत एवढी माणसे त्या एका टोपीकडे पाहत बसतात, क्वार्टरबॅक कमरेच्या पिशवीत हात घालून ते ऊबदार ठेवण्याचा प्रयत्न करतो आणि नुकतीच सलग तीन-चार चालींत लय सापडलेला संघ हळूहळू थंडावतो. दमलेल्या बचावफळीला आयती विश्रांती मिळते. म्हणजे ही जाहिरात सामन्याच्या बाहेर राहत नाही, ती सामन्याच्या निकालापर्यंत पोहोचते, आणि म्हणूनच हा प्रश्न केवळ प्रेक्षकाच्या सोयीचा राहत नाही.

हे असे का झाले, हे समजून घेतले तर राग थोडा कमी होतो. 1984 मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणहक्कांवरची एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संघटनेची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठांचे गट स्वतंत्रपणे वाहिन्यांशी करार करू लागले. बिग टेन या गटाने 2022 मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा करार केला, त्याची किंमत 7 अब्ज डॉलरच्या पुढे असल्याचे तेव्हा जाहीर झाले. एवढा पैसा वाहिन्यांना जाहिरातींतूनच वसूल करावा लागतो, आणि त्याच पैशातून विद्यापीठांतले कुस्ती, जलतरण आणि मुलींचे कितीतरी खेळ चालतात, हेही खरे आहे. जाहिराती असाव्यात हे मला मान्य आहे. त्यांना मर्यादा नसावी, हे मान्य नाही.

लांबी कमी करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही, पण प्रत्येक वेळी कात्री चुकीच्या जागी लागली. 2006 मध्ये किकऑफच्या लाथेबरोबरच घड्याळ सुरू करण्याचा आणि चेंडूचा ताबा बदलल्यावर पहिल्या चालीआधीच ते चालू करण्याचा नियम आला. सामने सुमारे 14 मिनिटांनी आटोपशीर झाले खरे, पण त्यासाठी चालींची संख्याच घटली. प्रशिक्षक आणि प्रेक्षक दोघेही नाराज झाले आणि पुढच्याच वर्षी ते बदल मागे घेतले गेले. 2023 मध्ये पुन्हा तोच मार्ग धरला. पूर्वी फर्स्ट डाउन मिळाला, म्हणजे चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल गाठली, की घड्याळ क्षणभर थांबत असे. आता प्रत्येक अर्धाच्या शेवटच्या दोन मिनिटांखेरीज ते चालूच राहते. सामन्यामागे काही चाली पुन्हा कमी झाल्या, जाहिरातींचे खंड मात्र शाबूत राहिले. त्यानंतर 2024 मध्ये प्रत्येक अर्धात दोन मिनिटे उरली असताना एक सक्तीचा टाइमआउट आला. पाठोपाठ येणारे जाहिरातींचे खंड वाहिन्यांना टाळता यावेत, हाही त्यामागचा एक हेतू सांगितला गेला. पण प्रेक्षक म्हणून मला त्यात जाहिरातींना मिळालेली आणखी एक हक्काची जागा दिसते.

याच 2023 सालात बेसबॉलने काय केले ते पाहावे. तिथे चेंडू टाकणाऱ्यासाठी घड्याळ लावले गेले आणि नऊ डावांचा सामना सरासरी 3 तास 4 मिनिटांवरून 2 तास 40 मिनिटांवर आला. डाव नऊच राहिले, बाद होणारे गडी तेवढेच राहिले, फक्त रेंगाळणे गेले. एकाच देशात, एकाच वर्षी, एका खेळाने रिकामा वेळ कापला आणि दुसऱ्याने खेळ कापला. गोल्फच्या मास्टर्स स्पर्धेचे यजमान तर आपल्या प्रक्षेपणात तासाला मोजक्याच मिनिटांच्या जाहिराती दाखवू देतात आणि तरीही प्रायोजक त्यांना सोडून जात नाहीत. इच्छा असेल तर हे जमते, याला याहून वेगळा पुरावा नको.

पंचांच्या निर्णयांची चित्रफितीवरून होणारी फेरतपासणी हा लांबीचा दुसरा मोठा भाग आहे. बिग टेनने 2004 मध्ये तिचा प्रयोग केला आणि 2006 पर्यंत ती सर्वत्र रूढ झाली. डोक्यावर आदळणाऱ्या धोकादायक धडकेबद्दल 2013 पासून खेळाडूला बाहेर काढले जाते आणि असा प्रत्येक निर्णय पुन्हा तपासला जातो. मुलांच्या मेंदूचा प्रश्न असताना त्या तपासणीला लागणारा वेळ मला मुळीच जड वाटत नाही. परंतु चेंडू अर्ध्या फुटाने पुढे की मागे ठेवावा यासाठी चार-चार मिनिटे एकच दृश्य संथ गतीने दाखवले जाते, तेव्हा वेळेची काही मर्यादा घालायला हवी असे प्रकर्षाने वाटते.

बरोबरीनंतरच्या जादा खेळाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. 2018 मध्ये टेक्सास ए अँड एमने एलएसयूला सात जादा डावांनंतर 74-72 असे हरवले, तो सामना जवळजवळ पाच तास चालला आणि त्यातला जादा खेळाचा प्रत्येक क्षण पाहण्याजोगा होता. खेळाडूंची दमछाक लक्षात घेऊन पुढे नियम बदलले आणि 2021 पासून तिसऱ्या जादा डावापासून दोन्ही संघ दोन गुणांसाठीचा एकेकच प्रयत्न आलटून पालटून करतात. खेळामुळे वाढलेला वेळ कोणालाही जड होत नाही.

प्रक्षेपणाची तांत्रिक बाजू उत्तम आहे. तारांवरून सरकणारा कॅमेरा क्वार्टरबॅकच्या मागून संपूर्ण मैदान उलगडून दाखवतो, नियमांचे जाणकार लगेच खुलासा करतात आणि काही वेळा जाहिरात चालू असताना पडद्यावरच्या दुसऱ्या चौकटीत मैदानही दिसत राहते. ही शेवटची पद्धत सर्वांनी सरसकट स्वीकारावी. एक गोष्ट मात्र मनाला लागते. कॉलेज फुटबॉलचे मध्यंतर मोठे असते ते विद्यापीठाच्या वाद्यवृंदासाठी. ओहायो स्टेटचा वाद्यवृंद चालता चालता मैदानावर ‘ओहायो’ हे नाव वळणदार अक्षरांत उमटवतो आणि शेवटी भलेमोठे सूसाफोन हे पितळी वाद्य घेतलेला एक विद्यार्थी डौलात पुढे येऊन ‘आय’ या अक्षरावरचे टिंब होऊन उभा राहतो. व्यावसायिक फुटबॉलकडे नसलेले हे वैभव आहे. आपल्याकडचे ढोल-ताशा पथक ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला त्या मुलांची मेहनत लगेच कळेल. पण वाहिनी बहुतेक वेळा त्या वीस मिनिटांत स्टुडिओतल्या चर्चेकडे आणि जाहिरातींकडे वळते, म्हणजे लांब मध्यंतराचा तोटा घरच्या प्रेक्षकाला होतो आणि त्याचे कारण असलेला वाद्यवृंद त्याला दिसतही नाही.

सामने साधारणपणे पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी बारा, साडेतीन आणि संध्याकाळी साडेसात असे तीन टप्प्यांत लावले जातात. मधल्या साडेतीन-चार तासांत सामना संपतोच असे नाही, त्यामुळे पुढच्या सामन्याची सुरुवात ऐनवेळी दुसऱ्या वाहिनीवर किंवा ॲपवर ढकलली जाते आणि ती शोधेपर्यंत पहिला टचडाउन होऊन गेलेला असतो. रात्रीचा सामना संपायला बरेचदा अकरा वाजतात. लहान मुले असलेल्या घरांत त्याचा शेवट मुलांना सहसा पाहायलाच मिळत नाही, आणि पुढची पिढी हा खेळ त्याच्या सर्वांत रंगलेल्या भागापूर्वीच सोडून झोपायला जाते, हे वाहिन्यांनीही गंभीरपणे घ्यायला हवे.

तरीही पैसे भरावेत का, याचे माझे उत्तर होकारार्थी आहे, पण अटींसह. वर्गणी वर्षभराची घेऊ नये, ऑगस्टच्या अखेरीपासून जानेवारीअखेरपर्यंतचीच घ्यावी. ध्वनिचित्रमुद्रणाची सोय असलेलीच सेवा निवडावी, सामना सुरू झाल्यावर सव्वा तासाने पाहायला बसावे आणि जाहिराती पुढे ढकलत न्याव्यात, म्हणजे शेवटचा क्वार्टर सुरू होईपर्यंत आपण थेट प्रक्षेपणाशी येऊन मिळतो. मुद्रण लावताना शेवटी किमान एक तास वाढवून ठेवावा, नाहीतर नेमकी अखेरची चाल हुकते. तोपर्यंत मित्रांच्या व्हॉट्सॲप गटाकडे मात्र बघू नये.