धर्मग्रंथ शाळेत: परिपाठातून, मराठीच्या तासाला की वेगळा विषय म्हणून?

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत एका पालकांनी सूचना मांडली: परिपाठात रोज गीतेचा एक श्लोक घ्यावा. दुसऱ्यांनी लगेच हात वर केला, सरकारी शाळेत धर्म आणू नका. पुढचा अर्धा तास दोघंही टीव्हीवर ऐकलेलंच एकमेकांना ऐकवत होते. गंमत म्हणजे विरोध करणाऱ्यांचीच मुलगी रोज सकाळी पसायदान सांगते. पसायदान हा ज्ञानेश्वरीचा शेवट, आणि ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. ग्रंथ शाळेत केव्हाच येऊन बसला आहे. ठरवायचं आहे ते त्याला कुठल्या तासाला उभं करायचं एवढंच.

तुमच्या समितीतही तीन-चतुर्थांश पालकच असणार, शिक्षण हक्क कायद्याने तसं बंधनच आहे. तेव्हा हा विषय आज ना उद्या तुमच्या पुढ्यात येईल.

आधी शाळा कोणाची ते पाहा. संविधानाच्या कलम 28 नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळा यात आल्या. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त खासगी शाळेत ते चालतं, पण पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. मात्र धर्माचं शिक्षण आणि धर्माविषयीचं शिक्षण यांत सर्वोच्च न्यायालयाने फरक केला आहे. 1971 मध्ये डीएव्ही कॉलेजच्या खटल्यात गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं म्हटलं. 2002 मध्ये अरुणा रॉय यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्व धर्मांची ओळख करून देणाऱ्या मूल्यशिक्षणाला हरकत घेतली नाही.

आता पाठांतर. ही सगळ्यात सोपी वाट, म्हणून सगळ्यांना आधी हीच सुचते. गुजरातने 2022 मध्ये सहावी ते बारावीसाठी गीता आणायचं जाहीर केलं, त्यात गोष्टींबरोबर पठणही होतं. आपल्याकडे 2024 मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीतेच्या पाठांतराचा उल्लेख आला. त्याच मसुद्यात मनुस्मृतीतला श्लोक आल्याने वाद तिकडेच वळला आणि पाठांतराची चर्चा बाजूला राहिली. पाठांतराला मी नावं ठेवणार नाही. मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात वृत्त मुलं दोन दिवसांत उचलतात, जिभेला वळण लागतं, जोडाक्षरं सुधारतात. वारकरी घरातल्या पोराला हरिपाठ कोणी शिकवत बसत नाही, तो कानावरून येतो. पण तो घरात येतो. शाळेच्या पटांगणात तीस मुलं हात जोडून म्हणत असतात तेव्हा ज्या दोघांच्या घरी ते म्हणत नाहीत, त्यांचं काय? ‘ज्यांना नको त्यांनी बाजूला उभं राहावं’ हे कागदावर ठीक. गावात बाजूला उभं राहणं म्हणजे सगळ्यांसमोर नळापाशी उभं राहणं. आठ वर्षांचं पोर तसं उभं राहत नाही, ते नुसते ओठ हलवतं.

दुसरी वाट मराठीच्या तासाची. आमच्या बाईंनी एका शनिवारी चौथीला विचारलं, “जे खळांची व्यंकटी सांडो, यातली व्यंकटी कोण?” तीन मुलांनी ते कोणा बाईचं नाव सांगितलं. एकाने ‘व्यंकटेश’शी नातं जोडलं. वर्षभर रोज म्हणत होती! मग बाईंनी फळ्यावर एक वाकडी रेघ काढली: व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. माउली दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांच्यातला वाकडेपणा गळून पडो म्हणतात. त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मग दुष्ट माणूस शिल्लक राहतो का?” पाठांतरात हा प्रश्न विचारायला जागाच नसते.

या वाटेवर सोबतही मोठी आहे. चोखोबा आणि जनाबाई आहेत, श्रीगोंद्याचे शेख महंमद आहेत. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने बायबलची कथा ओव्यांत सांगितली, ते क्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यात त्यांनी खड्यांतलं रत्न, फुलांतला मोगरा असं म्हणत मराठीची थोरवी गायली आहे. ख्रिस्ती, मुसलमान, वारकरी सगळे एकाच तासाला, तेही ओवी-अभंगातून. कोणाला हात जोडायला सांगावं लागत नाही, अर्थ मात्र सांगावा लागतो. धोका एकच, शिक्षकाचा कल. तोच तास कीर्तन होऊ शकतो.

तिसरी वाट, सर्व धर्मांचा वेगळा विषय. इंग्लंडच्या सरकारी शाळांत तो आहे. पालकांना मुलाला त्यातून काढून घेण्याचा हक्कही आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं दिवाळी आणि ईस्टर एकाच वहीत लिहितात. कल्पना चांगली आहे. पण त्यासाठी तयार शिक्षक लागतो. साठपर्यंत पट असलेल्या आपल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, त्यांच्यावर पाच वर्ग. त्यांना आणखी एक विषय द्या म्हणणाऱ्याने आधी एक दिवस ते वर्ग सांभाळून दाखवावेत.

अभ्यासक्रम समितीच्या हातात नसतो. परिपाठ, शनिवारचा मोकळा तास, वाचनपेटी यांबाबत मात्र आपलं म्हणणं ऐकलं जातं, तेव्हा तेवढ्यापुरतंच ठरवा. तुमची जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा असेल तर रोजच्या श्लोकाच्या फंदात पडू नका, मराठीचा तास धरा. अनुदानित शाळेत पाठांतर हवंच असेल तर लेखी संमती घ्या, त्यावर गुण ठेवू नका आणि वेळ शाळा सुटल्यानंतरची ठेवा, म्हणजे कोणाला नळापाशी उभं राहावं लागणार नाही.

आमच्याकडे पुढच्या बैठकीत श्लोकाची सूचना मागे पडली. सूचना मांडणाऱ्यांनी वाचनपेटीसाठी सार्थ ज्ञानेश्वरी आणून दिली. विरोध करणाऱ्यांनी ती घरी नेली आहे, अजून परत आलेली नाही.