फेलिपो बेटाने मला बुडवलं

अमेरिकेचे जुने नकाशे घ्यायचा नाद असेल, तर आधी माझी फजिती ऐका.

पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या वस्तूंच्या बाजारात फ्रेम केलेला नकाशा दिसला. देश नुकताच स्वतंत्र झाला तेव्हाचा, 1784चा, असं विक्रेता म्हणाला. मी लगेच अमेरिका-कॅनडा सीमेवरचं सुपीरियर सरोवर शोधलं. तिथे फेलिपो नावाचं भलंमोठं बेट! प्रत्यक्षात असं बेट नाहीच. बेलँ या फ्रेंच नकाशाकाराने 1744 मध्ये ते काढलं, नाव दिलं फ्रान्सच्या एका मंत्र्याच्या घराण्याचं. मिचेल या नकाशाकाराच्या 1755च्या नकाशात ते उतरलं, आणि तोच नकाशा वापरून ब्रिटनशी झालेल्या 1783च्या पॅरिस तहाने नव्या देशाची सरहद्द चक्क या बेटाच्या उत्तरेकडून नेली. पुढे लेक ऑफ द वुड्स या सरोवरापासून थेट पश्चिमेला मिसिसिपीपर्यंत. पण मिसिसिपी तेवढी उत्तरेला जातच नाही! मिचेलच्या नकाशात नेमका तो कोपरा हडसन उपसागराच्या छोट्या नकाशाखाली झाकलेला. या भागातली सीमा पक्की व्हायला 1842 उजाडलं.

हे सगळं मी विक्रेत्याला ऐकवलं. तो म्हणाला, "तुम्हाला कळतं यातलं. नकली असता तर ही चूक राहिली असती का?" मी फुगलो. 650 डॉलर रोख मोजले. फ्रेमची पाठ चिकटपट्टीने बंद होती. "उघडू नका, हवा लागली की कागद जाईल," म्हणाला. तेही पटलं मला!

महिन्याभराने काच तडकली म्हणून फ्रेमवाल्याकडे नेला. त्याने पाठ उघडली आणि भिंग माझ्या हातात दिलं. कोरीव रेघांच्या जागी निळे, गुलाबी, पिवळे ठिपके, पेपरातल्या रंगीत फोटोत असतात तसे. जुने नकाशे तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापत, त्या पत्र्याचा दाब कडेला कुठेच नाही. उजेडासमोर धरला तर हातकागदाच्या जाळीच्या रेघा नाहीत. ओलीचे डागसुद्धा छापलेले. मागे कागद पांढराशुभ्र.

फोटो काढून छापलं की बेटही सोबत येणारच, एवढी साधी गोष्ट सुचली नाही. तेव्हा चुका बघून भुलू नका; फ्रेम उघडून मागची बाजू बघाच, आणि पावतीवर सन लिहून घ्या. मी घेतला नव्हता. परत गेलो तर त्याने पावतीतल्या "सजावटीचं चित्र" या शब्दांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "1784 कुठे लिहिलंय?"