डाउनहिल सायकलीसाठी अँगल हेडसेट : बदलता नको, पक्का घ्या

वर्क्स कम्पोनंट्सचा दीड अंशाचा अँगल हेडसेट माझ्या सायकलीत बसून एक अख्खा पावसाळा उलटला. (हेडसेट म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीत वर-खाली बसणारी बेअरिंगं आणि ती धरणारे कप, ज्यांत फोर्क फिरतो. अँगल हेडसेट फोर्कला मुद्दाम थोडा तिरका धरतो. हा कोन काहींत बदलता येतो, काहींत पक्का असतो.) कोकणाच्या बाजूचा चिखल, मुंबईची खारी हवा आणि दर वेळी घरी आल्यावर बाईनं बादलीभर पाण्यानं केलेली धुलाई, एवढं सगळं त्यानं सोसलंय. आता त्याच्याबद्दल खात्रीनं लिहिता येईल.

मी मुलुंडला राहते. नोकरी ठाण्यातल्या एका टूलरूममध्ये, इन्स्पेक्शनला. दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो, त्यामुळे सायकलीचा कुठलाही भाग घेताना मी आधी त्याचं माप बघते आणि मग नाव. हा हेडसेटही तसाच निवडला.

माझी फ्रेम जुन्या पिढीतली आहे : साडेसत्तावीस इंची चाकं, पुढे २०० मिलिमीटर दबणारा डबल क्राउन फोर्क (पाय वर आणि खाली अशा दोन आडव्या क्राउनमध्ये धरलेले) आणि हेड अँगल ६५ अंश. हेड अँगल म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीचा जमिनीशी कोन, आकडा कमी तेवढा फोर्क पुढे जास्त झुकलेला. हल्लीच्या डाउनहिल सायकली ६३ च्या आसपास असतात. दोन अंश ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण राजमाचीच्या उधेवाडीतून कोंडाणे लेण्यांच्या बाजूला उतरणारी वाट ज्यांनी पाहिलीय त्यांना हा फरक लगेच कळेल. तिथं कातळाची पायरी संपते न संपते तोच मुरमाचा घसारा सुरू होतो. ६५ अंशांत पुढचं चाक पायरीवरून खाली गेलं की आत दुमडायला बघतं आणि सगळं वजन मनगटांवर येतं. (ती सगळी वाट सायकलवरून होत नाही, काही टप्प्यांत सायकल खांद्यावरच घ्यावी लागते. आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथं जाऊच नका. ट्रेकर्सची रांग असते आणि वाट आधी त्यांची आहे.)

नवी फ्रेम परवडत नाही आणि मला ही फ्रेम आवडते. म्हणून अँगल हेडसेट.

पण विकत घेण्याआधी एक प्रयोग फुकटात होतो आणि तो प्रत्येकानं करावा. डबल क्राउन फोर्कचे पाय दोन्ही क्राउनमध्ये वरखाली सरकवता येतात. पाय खाली सरकवले की सायकलीचं नाक उचललं जातं. साधारण १० मिलिमीटर उचललं तर कोन अर्ध्या अंशानं कमी होतो. फोर्क बनवणाऱ्यानं दिलेल्या मर्यादेतच राहायचं, हे सांगायला नको. यात बॉटम ब्रॅकेटही (पॅडल ज्याभोवती फिरतात तो भाग) थोडं वर येतं, त्यामुळे अनुभव तंतोतंत तोच नसतो. तरी कोन कमी झाल्यावर आपल्याला बरं वाटतं की सायकल अंगावर येते, एवढं यातून नक्की समजतं. मला बरं वाटलं, म्हणून पुढे गेले.

आता मापं. इथं घाई केली तर पैसे पाण्यात जातात. हेडसेटची मापं लिहायची एक सर्वमान्य पद्धत आहे, एसएचआयएस नावाची. ईसी म्हणजे बेअरिंग हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) बाहेर, झेडएस म्हणजे कप आत आणि फक्त काठ बाहेर, आयएस म्हणजे कपच नाही, बेअरिंग थेट फ्रेममध्ये. पुढचा आकडा ट्यूबच्या आतल्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये : ३४, ४४, ४९, ५६. तुमची फ्रेम आयएस असेल तर नेहमीचा अँगल हेडसेट बहुधा विसरा. कोन कपात असतो आणि इथं कपच नसतो.

माझी हेड ट्यूब वरपासून खालपर्यंत सरळ, दीड इंची, आतून ४९.६ मिलिमीटर. फोर्कचा स्टीअरर, म्हणजे हेड ट्यूबमधून जाणारी त्याची नळी, डबल क्राउनवर असतो तसा सरळ २८.६ चा. या कामासाठी याहून चांगली जोडी नाही, कारण मोठ्या नळीत बारीक स्टीअररला तिरकं व्हायला भरपूर जागा मिळते. हिशेब साधा आहे. माझी ट्यूब ११५ मिलिमीटर लांब. दीड अंश हवा तर वरच्या आणि खालच्या बेअरिंगचं केंद्र मिळून तीन मिलिमीटर सरकायला हवं, म्हणजे वर दीड मागे आणि खाली दीड पुढे. दोन अंशांना हेच चार मिलिमीटर होतं. जुन्या ३४ च्या नळीत स्टीअररच्या भोवती पावणेतीन मिलिमीटरचीच पोकळी आणि त्यातच कपाची भिंतही मावायला हवी. तिथं एका अंशाच्या पुढे जायचा हट्ट करू नये.

आणखी एक गोष्ट दुकानातही सर्रास गोंधळून सांगितली जाते. रिच (हँडल किती पुढे आहे ते अंतर) बदलणारे कप वेगळे आणि कोन बदलणारे कप वेगळे. वरचं आणि खालचं केंद्र एकाच दिशेनं सरकलं तर हँडल पुढेमागे होतं, कोन तोच राहतो. विरुद्ध दिशांना सरकलं तरच कोन बदलतो. ऑर्डर करण्याआधी चित्र काढून बघा.

माझ्यासमोर तीन पर्याय होते.

केन क्रीकच्या अँगलसेटमध्ये बेअरिंग एका गोलसर कड्यात बसतं आणि ते कडं कपात हवं तसं कलतं. त्यामुळे अर्ध्या अंशाच्या टप्प्यांनी दीड अंशापर्यंत कोन निवडता येतो आणि ट्यूबची लांबी कितीही असली तरी बेअरिंग आपोआप स्टीअररला जुळवून घेतं. कल्पना म्हणून मला हे फार देखणं वाटतं. पण मी इन्स्पेक्शनवाली. जिथं दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांना टेकून भार घेतात तिथं धूळ, पाणी आणि आवाज या तिन्हींना वाट मिळते. या रचनेत साध्या हेडसेटपेक्षा असे पृष्ठभाग जास्त आहेत. कोरड्या हवेत, हातात ग्रीसचा डबा घेऊन बसणाऱ्याला चालेल. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जे पडतं त्यात मला ते नको होतं.

वुल्फ टूथचा जिओशिफ्ट मिनेसोटात बनतो, एक आणि दोन अंशांत मिळतो. पक्क्या कोनाचा. कागदावर सगळं छान, पण मला दोहोंच्या मधलं हवं होतं.

वर्क्स ही ब्रिटिश कंपनी. एक, दीड आणि दोन अंश. कोन कपातच कोरलेला, हलणारं काही नाही. कोन बदलायचा तर कप काढून दुसरे बसवायचे. याला बरेच जण उणीव म्हणतात, मला ते पटत नाही. आपण हेड अँगल दर रविवारी बदलत नाही. एकदा ठरवतो आणि मग त्या सायकलीवर शिकतो. बदलता येण्याची सोय एकदाच वापरायची आणि तिचे सांधे मात्र कायम सांभाळायचे, हा सौदा मला तोट्याचा वाटतो.

पक्क्या कोनाच्या हेडसेटला एक अट आहे : ट्यूबची लांबी बरोबर मोजून त्या लांबीला चालणारेच कप घ्यायचे. वरच्या आणि खालच्या कपाचा कल ठरावीक अंतर धरूनच कापलेला असतो. अंतर चुकलं तर बेअरिंग स्टीअररला तिरकं टेकतं, सुकाणू जड होतं आणि बेअरिंग लवकर जातं. कुरिअर आणि कस्टम धरून किंमत बरीच वर जाते, त्याची मनाची तयारी ठेवा.

स्वस्तातलं काही चालेल का, हा प्रश्न मला माझ्या मावसभावानं विचारला. तो सायनला राहतो, माझ्यासोबत उतरायला येतो. त्यानं ऑनलाइन एक बिननावाचा हेडसेट मागवला होता.

"ताई, दिसायला अगदी तसाच आहे गं," तो म्हणाला.

दिसायला होताही. मी तो कंपनीत नेऊन मायक्रोमीटरखाली धरला. वरचा कप एका बाजूनं मोजला तर बरोबर, नव्वद अंश फिरवून मोजला तर लहान. म्हणजे गोलच नाही. असा कप हातानं दाबून बसतो आणि पहिल्याच मोठ्या धक्क्यात फ्रेमला आतून घासायला लागतो. कप फेकता येतो, पण घासून मोठी झालेली हेड ट्यूब परत लहान होत नाही. मी त्याला तो परत करायला लावला. वर्क्सचे दोन्ही कप मी तसेच मोजले. फिरवून कुठूनही मोजले तरी आकडा हलला नाही. पैसे या एका गोष्टीचे द्यायचे असतात.

बसवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हेडसेट चांगला असूनही काम इथं बिघडतं. दादरच्या एका दुकानात मी चौकशीला गेले तेव्हा काउंटरमागून "लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं बसवू" असं उत्तर आलं. मी सायकल घेऊन बाहेर आले. साधा कप ठोकून बसवणंही वाईट, हा तर तिरक्या कोनाचा. ठोकताना तो कुठल्या बाजूला फिरेल याचा भरवसा नाही.

नागदेवी स्ट्रीटवरून एम १२ ची थ्रेडेड रॉड, नट आणि जाड वॉशर आणले. कंपनीतल्या टर्नरकाकांनी लेथवर नायलॉनचे दोन ठोकळे करून दिले, कपाच्या बाहेरच्या काठावर टेकतील असे. बेअरिंगच्या बैठकीवर दाब पडता कामा नये. एका वेळी एकच कप, पातळ ग्रीस लावून, अर्धा अर्धा फेरा देत.

त्याआधी मध्यरेषा. कागदाची पट्टी हेड ट्यूबभोवती गुंडाळून परीघाची खूण करायची, पट्टी बरोबर मधोमध दुमडायची, मागची कड टॉप ट्यूबच्या मध्यावर धरली की दुमड पुढचा मध्य दाखवते. तिथं मास्किंग टेपवर बारीक पेन्सिलीची रेघ, वर आणि खाली. कपाची खूण त्या रेघेवर यायलाच हवी. दोन्ही कप सारखेच पाच अंश फिरून बसले तर चाक जमिनीपाशी दोनेक मिलिमीटर बाजूला जातं, ते एक वेळ चालवून घेता येईल. एकच कप फिरला तर मात्र बेअरिंग पिळलं जातं. मला पहिला कप अर्धा गेल्यावर थांबून तपासावा लागला, तेवढा वेळ द्या.

डबल क्राउनवाल्यांनी आणखी दोन गोष्टी बघायच्या. दोन क्राउनमधलं अंतर फोर्कला चालतं त्यात बसतं का, कारण नव्या कपांची उंची जुन्यांपेक्षा वेगळी असू शकते. आणि हँडल पूर्ण वळवल्यावर फोर्कच्या पायांवरचे रबरी बंपर फ्रेमला नेमके कुठे टेकतात. माझे थोडे सरकवावे लागले.

कोन खरंच बदलला का हे फोनवरच्या अँगल मीटरनं कळतं. फोन फोर्कच्या पायाला टेकवा, तो स्टीअररला समांतर असतो. फक्त आपल्या इमारतींच्या पार्किंगची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उतरती केलेली असते. म्हणून एकदा मोजून सायकल त्याच जागी उलट तोंड करून पुन्हा मोजायची आणि दोन्हींची सरासरी काढायची. माझी सरासरी ६३.५ आली, म्हणजे हवी तीच.

चालवताना काय झालं? घसाऱ्यावर पुढचं चाक आता दुमडत नाही. दगडाला धडकून बाजूला गेलं तरी आपोआप सरळ होतं. ट्रेल (फोर्क ज्या रेषेभोवती फिरतो ती जमिनीला जिथं मिळते, तिथून चाक टेकतं त्या जागेपर्यंतचं अंतर) साधारण एक सेंटिमीटरनं वाढला, चाकांमधलं अंतर जवळपास दीड सेंटिमीटरनं, आणि हे दोन्ही उतारावर अंगाला जाणवतं. तीव्र उतारावर मी आता ब्रेक उशिरा धरते, कारण पुढच्या चाकावर विश्वास बसलाय. खरं सांगायचं तर ज्या पायरीपाशी मी नेहमी उतरून चालत जायची ती मी आता सायकलवरून उतरते, आणि त्या आनंदाची किंमत मला बिलात दिसत नाही.

तोटेही आहेत. सपाट, हळू वळणांवर हँडल स्वतःहून आत पडायला बघतं. कर्जत लोकलच्या लगेज डब्यातून उतरून गर्दीतून सायकल ढकलतानासुद्धा ते जाणवतं. पुढच्या चाकावर मुद्दाम वजन टाकावं लागतं, नाहीतर सैल मातीच्या वळणात ते बाहेर सरकतं. मी हँडल थोडं खाली घेतल्यावर हे बरंच सुधारलं. बॉटम ब्रॅकेट दोनेक मिलिमीटर खाली गेलं, तेव्हा दगडांमध्ये पॅडल मारताना जपून. आरेसारख्या चढउताराच्या, वळणावळणाच्या वाटांवरच तुमची सायकल फिरत असेल तर एक अंश पुरे, कदाचित तोही नको.

आवाज : पावसाळाभर कुरकुर नाही. देखभाल म्हणाल तर पाऊस संपल्यावर फोर्क उतरवून खालचं बेअरिंग बघितलं. सीलच्या आत पाणी नव्हतं, बाहेरचं ग्रीस मात्र चिखलानं काळं झालं होतं. पुसून मरीन ग्रीस भरलं. बेअरिंगची सुटी जोडी हेडसेटसोबतच मागवून ठेवा. नागदेवीत ६००० च्या मालिकेतलं हवं ते बेअरिंग तासाभरात मिळतं, पण हेडसेटची तिरक्या कडेची बेअरिंगं त्या मापांत बसत नाहीत. ऐन जुलैत ती बाहेरून मागवायची वेळ आली तर सायकल तोवर भिंतीला टेकूनच राहील.