बोर्डाची रिव्हिजन कुठून वाचायची: पिन, एडीसी की ईईप्रॉम?

हार्डवेअरची रिव्हिजन, म्हणजे बोर्डाची कितवी आवृत्ती आहे ते, ओळखणारा बूटलोडरचा (चालू होताना सगळ्यात आधी धावणाऱ्या प्रोग्रॅमचा) ड्रायव्हर रिव्ह्यूला आला की कोड वाचायच्या आधी मी एक गोष्ट विचारून घेतो: हा कोड चालेल तेव्हा डीडीआर (बोर्डाची मुख्य रॅम) सुरू झालेली असेल का? निम्मा निकाल तिथेच लागतो.

यू-बूट या बूटलोडरमधली दोन उदाहरणं शेजारी ठेवा. रास्पबेरी पायची रिव्हिजन चिपच्या ओटीपीत, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीत असते. यू-बूट ती मेलबॉक्समधून (चिपच्या आतल्या निरोपांच्या वाटेने) व्हिडिओकोअर या त्याच चिपमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरच्या फर्मवेअरला विचारतं. 'ए०२०८२' हा कोड सोडवला तर त्यात १ जीबी रॅम, सोनी यूके, बीसीएम२८३७, मॉडेल ३बी आणि रिव्हिजन १.२ एवढं सगळं निघतं. कोड यू-बूटच्या तक्त्यात नसेल तर ते कुरकुर करतं, मॉडेल 'अननोन' धरतं आणि पुढे जातं. हा मोकळेपणा त्याला परवडतो, कारण रॅम फर्मवेअरने आधीच चालू करून दिलेली असते.

बीगलबोन या बोर्डाचं तसं नाही. पांढऱ्या बीगलबोनवर २५६ एमबी डीडीआर२, ब्लॅकवर ५१२ एमबी डीडीआर३. यातलं काय समोर आहे हे एसपीएलला, म्हणजे यू-बूटच्या आधी धावणाऱ्या त्याच्या छोट्या टप्प्याला, डीडीआर सुरू करायच्या आधीच कळायला हवं. त्यासाठी ते आयटूसी या दोन तारांच्या बसवर हेक्स ५० या पत्त्यावरचा ईईप्रॉम (वीज गेली तरी मजकूर टिकवणारी छोटी मेमरी चिप) वाचतं: आधी एए-५५-३३-ईई ही खूण, मग आठ अक्षरी नाव (ब्लॅकचं 'ए३३५बीएनएलटी') आणि चार अक्षरी आवृत्ती. नाव जुळलं नाही तरी कोडला डीडीआरची कुठली तरी एक सेटिंग घ्यावीच लागते. ती चुकली की बोर्ड गप्प. 'अननोन' म्हणून पुढे जायची सोय इथे नाही.

तुमचा बोर्ड यातल्या कुणासारखा, ते आधी ठरवा. ओटीपी मी पर्यायात धरतच नाही. जिथे बोर्डाची उलाढाल प्रचंड आहे तिथे ते शोभतं. शंभर-दोनशे बोर्डांच्या लॉटमध्ये एक चुकीचा बिट जळला तर तो परत येत नाही.

जीपीआयओ स्ट्रॅप, म्हणजे प्रोसेसरच्या साध्या पिना रेझिस्टरने कायमच्या बांधणं, हा सगळ्यात साधा मार्ग: तीन पिना, प्रत्येकीला पुल-अप (वर, १ कडे ओढणारा रेझिस्टर) किंवा पुल-डाउन (खाली, ० कडे ओढणारा), आठ रिव्हिजन. यू-बूटमधला 'जीपीआयओ-सिसइन्फो' ड्रायव्हर याहून हुशार आहे. तो आतला पुल-अप लावून सगळ्या पिना वाचतो, मग पुल-डाउन लावून पुन्हा वाचतो. दोन्ही वेळा तेच आलं तर बाहेर रेझिस्टर आहे, बदललं तर पिन मोकळी आहे. अशा तीन अवस्था धरल्या की तीन पिनांत २७ रिव्हिजन बसतात. मात्र बाहेरचा रेझिस्टर आतल्या पुलपेक्षा चांगलाच दणकट हवा. आतला पुल ५० के असेल आणि हार्डवेअरवाल्याने वीज वाचवायला बाहेर १०० के टाकला असेल, तर ती पिन ड्रायव्हरला मोकळीच दिसणार. पुल बदलल्यावर लाइन स्थिरावायला थोडा वेळ द्यावा लागतो, यू-बूटच्या कोडमध्ये त्यासाठी दहा मायक्रोसेकंदांचा थांबा आहे. कुणी स्वतःचा ड्रायव्हर लिहिला असेल तर मी आधी तो थांबा शोधतो. आणि त्याच पिनेवर नंतर डिस्प्ले किंवा दुसरं काही जोडलं आहे का, हे स्कीमॅटिक उघडूनच बघावं. कोडवरून ते कळत नाही.

एडीसीचं (व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या भागाचं) आकर्षण म्हणजे एकच पिन. दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर आणि प्रत्येक रिव्हिजनला वेगळा व्होल्टेज. ओड्रॉइडच्या एक्सयू३ आणि एक्सयू४ बोर्डांची ओळख यू-बूट अशीच पटवतं. एक टक्क्याचे रेझिस्टर घेतले तर आठ पायऱ्या आरामात मिळतात. पण एडीसीला घड्याळ हवं, त्याचा रेग्युलेटर चालू हवा आणि तो रेग्युलेटर पीएमआयसीत (वीजपुरवठा सांभाळणाऱ्या चिपमध्ये) असेल तर त्याआधी आयटूसीही हवं. म्हणजे दोनेक पिना वाचवायला तीन ड्रायव्हर एसपीएलमध्ये ओढायचे. रिव्ह्यूत तक्ता बघताना दोन रिव्हिजनांच्या व्होल्टेजच्या खिडक्यांमधली रिकामी जागा बघा. 'सगळ्यात जवळची रिव्हिजन' निवडणारा कोड तुटलेल्या सोल्डरलाही काहीतरी रिव्हिजन देऊन टाकतो. रिकाम्या जागेतलं रीडिंग आलं तर एररच परत जायला हवी.

ईईप्रॉममध्ये जागा भरपूर: रिव्हिजन, सिरियल नंबर, मॅक पत्ता, सगळं मावतं. गोम एवढीच की पिन तांब्यावर काय आहे ते सांगते, आणि ईईप्रॉम कुणीतरी काय लिहिलं ते सांगतो. लाइनवरून आलेला नवा बोर्ड कोरा असतो, सगळीकडे एफएफ. त्यात लिहायला बूट व्हावं लागतं आणि बूट व्हायला त्यात लिहिलेलं असावं लागतं. हा गुंता फॅक्टरीत कसा सोडवणार याचं उत्तर तयार नसेल तर डीडीआरचा निर्णय ईईप्रॉमवर टाकू नका.

एका ईईप्रॉम ड्रायव्हरच्या रिव्ह्यूत मला सापडलेली चूक अजून आठवते. वाचणारं फंक्शन एरर आली की उणे १२१ द्यायचं, आणि बोलावणाऱ्याने ते आठ बिटांच्या अनसाइन्ड व्हेरिएबलमध्ये घेतलं होतं. झाले १३५. पुढे अट होती 'रिव्हिजन ३ किंवा जास्त असेल तर नवा पीएमआयसी'. म्हणजे चिप उत्तरच देत नव्हती आणि कोडच्या मते हातात १३५ व्या रिव्हिजनचा बोर्ड होता. टेबलावर चाचणी घेताना हे कधीच दिसलं नसतं, कारण टेबलावरच्या बोर्डाचा ईईप्रॉम नीट भरलेला असतो. म्हणून पॅच पाठवणाऱ्याकडे मी दोन बूट लॉग मागतो: एक चांगल्या बोर्डाचा, एक कोऱ्या ईईप्रॉमचा. सिसइन्फो हा यू-बूटमधला बोर्डाची माहिती देणारा ढाचा वापरला असेल तर आणखी एक बघतो. आधी 'डिटेक्ट' हे फंक्शन बोलावल्याशिवाय त्यातली वाचणारी फंक्शनं एरर देतात, आणि ती एरर गिळून शून्य धरणारे बरेच भेटतात.

माझा कौल विचाराल तर स्ट्रॅप आणि ईईप्रॉम दोन्ही ठेवा, पण कामं वाटून. डीडीआर, पीएमआयसी, जे चुकलं तर बोर्ड उठतच नाही, ते स्ट्रॅपवर. सिरियल, मॅक, कुठली वाय-फाय चिप बसवली हे ईईप्रॉममध्ये, आणि ते यू-बूट पूर्ण वर आल्यावर वाचायचं. पिना खरोखरच संपल्या असतील आणि एडीसी पीएमआयसीवर अवलंबून नसेल तरच एडीसी. तुमच्याकडे डीडीआर आधीच कुणी दुसरं सुरू करून देत असेल तर नुसता ईईप्रॉमही चालेल, फक्त अनोळखी रिव्हिजनला 'अननोन' म्हणायची वाट कोडमध्ये ठेवा.

आणि स्ट्रॅप निवडलेत तर लेआउटवाल्याला आजच सांगून ठेवा. पुढची रिव्हिजन काढताना सिल्कस्क्रीनवरचं अक्षर तो आठवणीने बदलतो, रेझिस्टर बदलायचा राहतो.