वाडीतली टाकी: मिस्त्रींच्या कामाचा अनुभव

गुहागरला आमच्या घरच्या न्हाणीचं नि कपड्यांचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून पोफळींना देतो. ते साठवायला यंदा काँक्रीटची टाकी बांधून घेतली: आतून ३ बाय २ मीटर, पाणी दीड मीटर, म्हणजे ९,००० लिटर.

मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी खाडीची वाळू परत पाठवली. तिच्यातल्या मिठाने सळ्या गंजतात, गंजून फुगतात आणि काँक्रीट तडकतं. मला ती स्वस्त पडत होती, पण त्यांनी ऐकलं नाही, हे बरंच झालं. काँक्रीट एम३० दर्जाचं (हा मजबुतीचा दर्जा). तळ आणि भिंत जुळते तिथे वॉटरस्टॉपची, म्हणजे सांध्यातून पाणी अडवणारी पट्टी, कारण गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. पुढे १४ दिवस काँक्रीट ओलं राहून पक्कं व्हावं म्हणून त्यावर ओली गोणपाटं.

पहिल्यांदा भरली तेव्हा एका कोपऱ्यात ओल आली. फार वाईट वाटलं. फोन केल्यावर मिस्त्री तिसऱ्या दिवशी उगवले. हा उशीर मला खटकला. पण टाकी रिकामी करून तेवढा भाग फोडून नीट भरला, वर पैसे मागितले नाहीत. दुसऱ्यांदा भरून सात दिवस पातळीची खूण पाहिली. भिंती कोरड्या राहिल्या.

झाकण मात्र घट्टच बसवून घ्या, डासांसाठी.