संगणक शिक्षक व्हायचंय: पदवीनंतर बी.एड. की बारावीनंतर एकात्मिक?

हिशेब सरळ आहे. बी.एस्सी. ३ वर्षं आणि बी.एड. २, म्हणजे एकूण ५. बारावीनंतरचा एकात्मिक बी.एस्सी.-बी.एड. ४ वर्षांत संपतो. प्रवेश परीक्षा वेगळ्या: पहिल्या रस्त्यावर बी.एड.साठी राज्याची सीईटी, दुसऱ्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची एनसीईटी. २०२० च्या शैक्षणिक धोरणाचा कल एकात्मिककडे आहे, हे खरं.

तरीही संगणक शिकवायचा असेल तर मी पहिला रस्ता सुचवेन. आधी तीन वर्षं मन लावून कोडिंग करा. प्रोग्राम रात्रभर अडतो आणि पहाटे एका विसरलेल्या कंसात चूक सापडते, हा अनुभव असल्याशिवाय मुलाच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघून त्याची चूक कळत नाही. शिवाय शिक्षकी जमली नाही तरी ती पदवी इतरत्र चालते.

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात १६ आठवडे शाळेत काढावे लागतात. तिथे ‘लूप’ (प्रोग्राममध्ये तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) शिकवताना सातवीतल्या एका मुलीला बाकाभोवती पाच फेऱ्या मारायला लावा, वर्गाला मोठ्याने मोजू द्या. फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा ते लवकर कळतं.

एकात्मिक घेणार असाल तर प्रवेशाआधी एवढं बघाच: त्या महाविद्यालयात संगणक हा मुख्य विषय मिळतो का?