आईचे क्रिएटिनिन आणि तालुक्याची लॅब

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून तालुक्याला सकाळच्या पहिल्या एस.टी.ने गेले, की बसस्थानकासमोरच्या कृषी केंद्राच्या माडीवर असलेली ही लॅब साडेसातला उघडलेली सापडते, आणि गेले वर्षभर दर दोन महिन्यांनी मी आईला तिथेच नेतो आहे. आईचे वय ६२, वजन ४२ किलो; लहानपणच्या सांधेज्वराने तिच्या हृदयाची डाव्या बाजूची झडप अरुंद झालेली आहे आणि उजव्या बाजूची गळते. जिने चढताना तिला धाप लागते, हे पहिल्याच दिवशी ओळखून तिथला मुलगा तबक घेऊन खाली आला आणि दुकानापुढच्या बाकावरच त्याने रक्त घेतले. त्याचा हात हलका आहे. लघवीच्या गोळ्यांनी सुकलेल्या तिच्या शिरा त्याला एकाच टोचणीत सापडतात.

माझी तक्रार टोचणीबद्दल नाही, कागदाबद्दल आहे. मार्चमधल्या अहवालात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, १.१ आले होते, शेजारी ०.६ ते १.२ ही सामान्य मर्यादा छापलेली होती, आणि खाली ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचा अंदाज) ७६, म्हणजे मूत्रपिंडे बऱ्यापैकी ठीक. मी निश्चिंतपणे कागद घडी घालून खिशात ठेवला. वर्ध्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनी मात्र तो उलगडताच वरच्या रकान्यावर बोट ठेवले: लिंग, पुरुष. ईजीएफआरच्या २०२१ च्या सूत्रात क्रिएटिनिनइतकेच वय आणि लिंगही धरले जाते, त्याच १.१ ला ६२ वर्षांच्या पुरुषासाठी ७६ येतात, तर त्याच वयाच्या बाईसाठी ५७. साठच्या खालचा आकडा तीन महिने टिकला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात, म्हणजे एका रकान्यामुळे आई त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे हेच बदलत होते. आई यावर एवढेच म्हणाली, “नाव माह्यं वाचलं, अन् मले माणूस करून टाकलं!”

लॅबने वीस मिनिटांत, पैसे न घेता, दुरुस्त अहवाल दिला, ही जमेची बाजू. पण “आकडा तर तोच आहे ना, दादा” हे त्या मुलाचे म्हणणे मला अजून बोचते, कारण आकडा तोच असला तरी त्यावरून पुढे जे ठरते ते तेच राहत नाही. झडपेच्या शस्त्रक्रियेसारख्या हृदयाच्या शस्त्रक्रियांचा धोका मोजण्याच्या युरोस्कोर-२ या पद्धतीत ईजीएफआर नव्हे, तर वय, वजन, लिंग आणि क्रिएटिनिन यांवरून काढलेला क्लिअरन्स, म्हणजे गाळण्याच्या वेगाचाच दुसरा अंदाज, धरतात. ८५ च्या वर सामान्य, ५० च्या खाली गंभीर. आईचा तो ३५ निघाला. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, आणि ज्या बाईच्या अंगावर मांसच उरलेले नाही, तिच्या रक्तात ते कमीच दिसणार. झडपेच्या जुन्या रुग्णांत हा फसवा दिलासा वारंवार मिळतो. वजन विचारण्याची तसदी लॅबने एकदाही घेतली नाही, काटा मात्र दाराशीच ठेवलेला आहे.

डॉक्टरांनी म्हणून सिस्टॅटिन-सी या रक्तातल्या दुसऱ्या एका पदार्थाची तपासणी सुचवली, कारण ते स्नायूंवर तितकेसे अवलंबून नसते, जरी थायरॉइड आणि स्टिरॉइडने तेही हलते. ही तपासणी तालुक्यात होत नाही. नमुना नागपूरला जातो आणि चौथ्या दिवशी मोबाइलवर अहवाल येतो. आईचे १.४ आले, त्यावरून सूत्राने ईजीएफआर ४६. हा आकडा ५७ पेक्षा तिच्या सुजलेल्या पावलांशी अधिक जुळतो. उजवी झडप गळू लागली की शिरांमधला दाब वाढतो, तो मूत्रपिंडांतही साचतो, आणि गाळण मंदावते. शिवाय अरुंद झडपेमुळे पुढे जाणारे रक्तही अपुरे. मूत्रपिंडे अशी थकलेली असली की शस्त्रक्रियेनंतर डायलिसिसची वेळ येण्याची आणि दगावण्याचीही शक्यता वाढते. मात्र बिघाड साचलेल्या दाबामुळेच असेल तर झडप सुधारल्यावर काहींची मूत्रपिंडे सावरतात. त्यामुळे डॉक्टरांना एका कागदापेक्षा दोन-तीन महिन्यांची रांग हवी असते, तीही शक्यतो एकाच लॅबमधली.

पोटॅशियमसाठी मात्र इथे जाऊ नये. मे महिन्यात ६.१ आले आणि आम्ही घाबरून धावलो, तर दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी ४.४ निघाले, नळीतल्या रक्तपेशी फुटून त्यांतले पोटॅशियम बाहेर आले होते, आणि ही शंका खरे तर लॅबनेच कळवायला हवी होती. लघवीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला ही चूक महागात पडू शकते.

क्रिएटिनिनसाठी आम्ही तिथेच जातो. दर वेळी चिठ्ठीवर मी स्वतःच लाल पेनने लिहितो: स्त्री, ६२ वर्षे, आणि त्या दिवशीचे वजन. गेल्या खेपेला तो मुलगा वाचून हसला, पण आईला त्याने आधी काट्यावर उभे केले.